रेमो ओर्सेनिगोची रेघ

इंजिनिअर साल्व्हादेंनी चादर ओढली आणि रेमो ओर्सेनिगो दोन पावलं मागे सरकला. ओळखीच्या माणसाच्या तोंडावरचं पांघरूण काढावं आणि खाली भलताच कुणी निघावा, तसं त्याचं झालं.

खाली खुर्चीच होती. चेरीच्या लाकडाची, पॉलिशचा वास अजून न गेलेली. सांधे इतके नेटके की नख घालायला जागा नाही. पण तिच्यात जीव नव्हता. मागचे पाय नुसते टेकलेले, पाठ नुसती उभी. वर्गाबाहेर उभं केलेलं पोर दिसतं तशी ती दिसत होती.

"मग? कशी वाटली?" साल्व्हादेंनी विचारलं. कारखान्यातली चार माणसं टाळ्या वाजवायच्या तयारीत उभी होती.

"माझी रेघ कुणी बदलली?" रेमो म्हणाला.

"काय बदललं?"

"रेघ! मी काढून दिलेली खुर्ची ही नव्हे. तुमच्या कुणीतरी शहाण्यानं मशीनच्या सोयीसाठी पाय सरळ केलेत. पाठ मारून टाकलीत तिची. मला न विचारता!"

साल्व्हादे हा शांत माणूस. त्यांनी टाळीसाठी उचललेला हात खिशात घातला. "आर्किटेक्ट, आमच्या मशीनला रेघ बदलता येत नाही. तेवढी अक्कल तिला नाही. तुम्ही द्याल ते ती कापते." मग त्यांनी वरून नकाशा मागवला. रेमोच्या हातचा, खऱ्या मापाचा, खाली त्याची सही असलेला. तो जमिनीवर पसरला, दोघांनी खुर्ची उचलून आडवी त्यावर ठेवली, आणि साल्व्हादे म्हणाले, "घ्या, बघा."

रेमो गुडघ्यावर बसला. मागच्या पायाच्या कडेनं त्याने पेन्सिलचं टोक फिरवलं, वरपासून खालपर्यंत. मग दुसऱ्या बाजूनं. मग पाठीच्या पट्टीवरून. सूतभर फरक नव्हता. त्याची रेघ आणि कारखान्याचं लाकूड एकमेकांवर अशी बसली होती की खालचा कागद दिसेना.

शेवटी साल्व्हादेंनीच त्याला हात देऊन उठवलं. "कॉफी घेऊ या?" त्यांनी हळूच विचारलं.

रेमोने नको म्हणून मान हलवली आणि टोपी विसरून बाहेर पडला.

ही गोष्ट एकोणीसशे बासष्ट सालच्या मार्चमधली. रेमो तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता आणि मिलानमध्ये त्याचं नाव होतं. फार मोठं नव्हे. पण फर्निचरच्या मासिकांत ज्यांचे फोटो वरच्यावर येतात अशा वीस-पंचवीस जणांत तो होता. मिलानजवळच्या कांतू गावात जन्म. बाप लवकर गेला. आई उशीवर लेस विणून घर चालवायची. गावातल्या चित्रकलेच्या शाळेत तो शिकला आणि परीक्षा संपताच पलटणीत गेला. ग्रीसमध्ये होता, इटलीने युद्ध सोडल्यावर तिथून जर्मनांच्या कैद्यांच्या छावणीत. तिथे वीस महिने काढले. त्या छावणीत बसायला काही नव्हतं, फळकुटसुद्धा नाही. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. सिमेंटच्या पोत्यांचे कागद फाडून रेमो त्यावर खुर्च्या काढायचा. आजूबाजूची माणसं ते कागद हातात घेऊन बघत राहायची. परत आला तेव्हा त्याचं वजन शेहेचाळीस किलो होतं, आणि आईला पहिली गोष्ट त्याने सांगितली ती ही, की मी खुर्च्या करणार.

"करणार म्हणजे? रंधा धरता येतो का तुला?" आईने विचारलं.

"काढणार," तो म्हणाला. "करतील दुसरे."

ते दुसरे म्हणजे अंब्रोजो मिस्त्री. कांतूत स्टेशनच्या मागे त्यांचं सुतारखातं होतं. तीन कारागीर, आणि वेत विणायला त्यांची मुलगी देल्फीना. रेमो मिलानला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करायचा आणि शनिवारी नकाशे घेऊन मिस्त्रींकडे यायचा. एकावन्न साली त्यांनी मिळून पहिली खुर्ची केली. अक्रोडाची, बैठक वेताची, इतकी हलकी की एका बोटावर उचलावी. नाव ठेवलं पाकोळी. मिलानच्या प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं. रेमो त्या दिवशी इतका भांबावला होता की पदक घेताना त्याने चुकून परीक्षकाचं पेनच खिशात घातलं. मासिकात छापून आलं, की या खुर्चीच्या मागच्या पायाची रेघ एका श्वासात काढल्यासारखी आहे.

त्यानंतर अकरा वर्षांत नऊ वस्तू झाल्या. खुर्च्या, एक लिहायचं टेबल, एक झुलती खुर्ची, एक स्टूल. नोकरी सुटली, स्वतःचं ऑफिस झालं, नोएमीशी लग्न झालं. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि नवऱ्याच्या कौतुकाची कात्रणं एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. पदवी नसताना लोक रेमोला आर्किटेक्ट म्हणू लागले. तो मुलाखती देऊ लागला. "रेघ चुकली की खुर्ची मेली," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि मग त्या मोठ्या कारखान्याने बोलावलं: तुमची एक खुर्ची आम्हाला द्या, महिन्याला पाचशे काढू. या वेळी रेमोचा नकाशा मिस्त्रींकडे न जाता थेट कारखान्यात गेला.

कारखान्यातून परतल्यावर रेमोला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याची खात्रीच पटली, की चलाखी कारखान्याचीच आहे. नकाशावर खुर्ची बसते, पण लाकडाची जाडी, कडांची गोलाई, कुठेतरी त्यांनी हात मारलाय.

"मी पुरावा आणतो," तो नोएमीला म्हणाला. "मिस्त्रींकडे पाकोळीचे फर्मे असतील, लाकूड आखायचे साचे. पाकोळीचा नकाशा माझ्याकडे आहे. नकाशावर फर्मा ठेवतो आणि साल्व्हादेला दाखवतो, की रेघेतून खुर्ची करतात ती अशी!"

नोएमी काहीतरी बोलणार होती. पण तिने वही तपासायला घेतली.

शनिवारी रेमो कांतूला पोचला तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. अंगणात अंब्रोजो मिस्त्री उन्हाला बसले होते. एकाहत्तर वर्षांचे. दोन वर्षांपासून हात थरथरत होते, त्यामुळे रंधा सुटला होता, पण कमरेचा चामडी पट्टा सुटला नव्हता. मागच्या स्वयंपाकघरातून मक्याच्या पिठाचा पोलेंता घोटल्याचा आवाज येत होता.

"या, आर्किटेक्ट! वाट चुकलात? टोपी कुठाय?"

"मिस्त्री, पाकोळीचा फर्मा हवाय मला."

"आतल्या भिंतीवर आहे. तिसरा खिळा. जेवून घे आधी."

रेमो आत गेला. दाराच्या डाव्या हाताला भिंतभर खिळे होते आणि त्यांवर प्लायवूडचे फर्मे टांगलेले, पायांचे, पाठीचे, हातांचे. प्रत्येकावर सुताराच्या जाड पेन्सिलीने नाव. पाकोळीचा मागच्या पायाचा फर्मा त्याने काढला, फुंकर मारून भुसा उडवला, कामाच्या ओट्यावर आपला नकाशा पसरला आणि फर्मा त्यावर ठेवला.

बसेना.

वरचं टोक जुळवलं तर खालचं बाहेर जाई. खालचं जुळवलं तर मध्ये कागदावरची रेघ उघडी पडे. त्याला वाटलं आपण भलताच फर्मा काढला. पुन्हा नाव वाचलं. फर्मा उलटा करून पाहिला. खिशातून पट्टी काढून मोजलं. बैठकीच्या खाली चार बोटांवर, जिथे पाय हळूच मागे वळतो, जिथली रेघ एका श्वासात काढल्यासारखी आहे असं मासिकाने लिहिलं होतं, नेमकं तिथे अकरा मिलिमीटरचा फरक होता. कागदावर तो पाय वळतच नव्हता. सरळ जात होता. कारखान्यातल्या त्या मेलेल्या खुर्चीचा जात होता तसा.

फर्मा हातात घेऊन तो अंगणात आला.

"मिस्त्री, हे काय आहे?"

"फर्मा."

"हा माझ्या नकाशावर बसत नाही."

"कसा बसेल?" मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे?"

"अरे, म्हणजे काय? बदलला की तो." मिस्त्री हसले. मग रेमोच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचं हसणं थांबलं. "तू चेष्टा करतोयस ना माझी? म्हाताऱ्याची?"

रेमो हातातला फर्मा पुढे धरून उभा होता.

"अरे देवा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी खुर्चीतूनच मान वळवून हाक मारली, "देल्फीना! ए देल्फीना, विस्तव कमी कर आणि इकडे ये. याला ठाऊकच नाही!"

देल्फीना हातात लाकडी ढवळणं घेऊन बाहेर आली. ती रेमोपेक्षा वर्षाने मोठी. नऊ वर्षांची असताना गवताच्या गाडीवरून पडली होती, तेव्हापासून डावं कंबरेचं हाड वाकडं आणि चाल लंगडी. लग्न झालं नाही. भिजवलेला वेत ओढून ओढून बोटांवर चिरा पडलेल्या. रेमोला ती आठवत होती ती कोपऱ्यात बसलेली, मांडीवर खुर्चीची चौकट घेऊन विणत. अकरा वर्षांत तो तिच्याशी हवापाण्याखेरीज फारसं बोललेला नव्हता.

"काय ठाऊक नाही?" तिने विचारलं.

"फर्म्यांचं."

तिने रेमोच्या हातातल्या प्लायवूडकडे पाहिलं, मग रेमोकडे. "खोटं," ती म्हणाली.

"मिस्त्री, तुम्ही माझी रेघ बदललीत," रेमो म्हणाला. "अकरा वर्षं. आणि मला सांगितलं नाहीत."

"मी नाही बदलली बाबा. मी सुतार माणूस, मला दिलं ते मी कापतो. हिने बदलली." मिस्त्रींनी थरथरत्या हाताने मुलीकडे बोट केलं. "सगळ्या हिनेच."

रेमो मिस्त्रींच्या शेजारच्या ओंडक्यावर बसला.

देल्फीनाने ढवळणं दाराशी टेकवलं आणि सांगू लागली. "तू पहिला नकाशा आणलास ना, तेव्हा बाबांनी त्यावरून साध्या लाकडात एक कच्ची खुर्ची ठोकली. वेत किती लागेल बघायला मी तिच्यावर बसले. पाच मिनिटांत माझं कंबरडं गेलं. तुम्हा लोकांना वाईट खुर्चीवर दोन तास बसता येतं, म्हणून तुम्हाला कळत नाही. मला एक मिनिट बसता येत नाही. म्हणून मी बाबांना म्हटलं, पाय इथे मागे घ्या, म्हणजे पाठ आपोआप कलेल. पेन्सिलने काढून दिलं. मग ती दिसायलाही बरी दिसायला लागली."

"बरी!" रेमो म्हणाला. "सुवर्णपदक मिळालं तिला!"

"हो. पेपरात वाचलं आम्ही."

"पण मला सांगायचंस!"

"काय सांगायचं?" आता तिचा आवाज चढला. "तू आलास, खुर्चीभोवती तीनदा फिरलास, तिच्यावरून हात फिरवलास आणि म्हणालास, 'वा मिस्त्री, अगदी माझ्या मनातली उतरवलीत. केसाचा फरक नाही!' बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. आम्हाला वाटलं, बोलायची रीत असेल शिकलेल्यांची. कळलंय पण मोठेपणा दाखवतोय. दुसऱ्या वेळेलाही तेच. तिसऱ्या वेळेला वाटलं, चला, याची संमतीच आहे. मग मी तो विचारच सोडला."

"मला दिसलं नाही," रेमो पुटपुटला.

"ते आत्ता कळतंय आम्हाला," देल्फीना म्हणाली. "रेघ चुकली की खुर्ची मेली म्हणे! माणसाला स्वतःची रेघ ओळखू येऊ नये?"

"पुरे गं," मिस्त्री म्हणाले.

आत पोलेंता करपल्याचा वास सुटला. ती लंगडत धावली. रेमो जेवायला थांबला नाही.

घरी आल्यावर त्याने नोएमीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुलाही माहीत होतं?"

"माहीत नव्हतं रे. पण आपल्या घरी तू स्वतः कापून ठोकलेलं ते बाक आहे ना, दारातलं? त्यावर बसलं की वाटायचं, पाकोळी करणारा माणूस आणि हा माणूस एक कसा?"

सोमवारी त्याने ऑफिसातले नऊच्या नऊ नकाशे काढले आणि आपल्या छोट्या फियाटमध्ये घालून पुन्हा कांतूला गेला. आशा अशी, की पाकोळी तेवढी अपवाद असेल. देल्फीना काही न बोलता एकेक फर्मा खिळ्यावरून काढून देत गेली आणि तो मोजत गेला. झुलती खुर्ची: पायांची कमान सबंध नवी. लिहायचं टेबल: कड दोन बोटं आत घेतलेली. पंचावन्न सालची आरामखुर्ची, जिच्यावर पाच पानी लेख आला होता: तिचा हात कागदावर होता त्याच्या उलट दिशेने वळलेला. सगळ्यांत भयंकर गोष्ट ही, की नकाशा पाहिला तर तो त्याच्या हातचा होता हे नाकारता येत नव्हतं, आणि खुर्ची डोळ्यांपुढे आणली तर ती आपण अशीच कल्पिली होती अशी त्याची आजही शपथेवर खात्री होती. म्हणजे खुर्ची पाहिल्याक्षणी त्याच्या आठवणीने मुकाट्याने आपला कागद बदलून घेतला होता. नऊ वेळा.

नऊ नव्हे, आठ. शेवटचा फर्मा चोपन्न सालच्या स्टुलाचा होता. स्वयंपाकघरातलं तीन पायांचं स्टूल, वरच्या फळीवरचा डबा काढायला चढायचं. ते कुठल्या मासिकात आलं नव्हतं. रेमोने फर्मा नकाशावर ठेवला आणि तो बसला. त्याने उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा बसला.

"हे का नाही बदललं?" त्याने विचारलं.

"ते चांगलं होतं," देल्फीना म्हणाली.

रेमोने तोंड भिंतीकडे वळवलं. ती वेत भिजवायला पाणी आणण्याच्या निमित्ताने बाहेर गेली आणि चांगली पंधरा मिनिटं आली नाही.

आल्यावर तो म्हणाला, "मी छापून आणतो. तुझं नाव."

त्याला वाटलं होतं ती नको म्हणेल. बायका म्हणतात, असू दे, मला काय करायचंय नावाचं. त्याने मनात उत्तरही जुळवून ठेवलं होतं. देल्फीनाने बादली खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "आण. पूर्ण नाव घाल. देल्फीना व्हिगानो. पाकोळीपासून सगळीकडे. स्टूल सोडून."

रेमो तिच्याकडे बघतच राहिला.

"काय झालं? तूच म्हणालास ना आत्ता?"

"हो," तो म्हणाला. "हो, आणतो."

पत्र लिहायला त्याला आठवडा लागला. साधं लिहिलं. माझ्या नावावरच्या नऊ वस्तूंपैकी आठांची रेघ माझी नाही. ती कांतूच्या वेत विणणाऱ्या देल्फीना व्हिगानो यांची आहे. सोबत मापं जोडली आहेत. मिलानच्या ज्या मासिकाने पहिला लेख छापला होता त्याच्याच संपादकांना पाठवलं. ते त्याला ओळखत होते, जेवायला येत असत. छापून येईपर्यंत रेमो रोज सकाळी उठायचा तो धास्तीनेच. ऑफिस बंद पडेल, पदक परत मागतील, रस्त्यात लोक हसतील. सगळं तो धरून चालला होता.

मे महिन्यात अंक आला. रेमोने उभ्या उभ्याच पान उघडलं.

मथळा होता, 'एका कलावंताचा विनय'. पत्रातली चारच वाक्यं घेतली होती. मापं नव्हतीच. खाली संपादकांनी आपल्या शब्दांत लिहिलं होतं, की यशाच्या शिखरावर असताना आपल्या साध्यासुध्या कारागिरांना इतकं श्रेय देणारा माणूस विरळा. ओर्सेनिगोंच्या रेघेत जी माया दिसते तिचं मूळ इथे आहे. देल्फीनाचं नाव होतं, पण आडनावाशिवाय. 'वेत विणणारी देल्फीना.'

रेमोने फोन लावला. "अहो, तो विनय नाही! ती वस्तुस्थिती आहे! मी मापं दिलीत!"

"रेमो, रेमो," संपादक हसत म्हणाले, "काय सुंदर पत्र लिहिलंस. माझी बायको रडली वाचून. पण मापं छापून वाचक पळतात रे."

"माझ्यावर विश्वास ठेवा. ती रेघ तिची आहे."

"हे बघ, एक लंगडी बाई पेन्सिलने काहीतरी सुचवते आणि तुझ्यासारखा माणूस ते स्वीकारतो, यातच तुझी प्रतिभा आली."

रेमोने फोन ठेवला. त्या महिन्यात त्याला तीन नवी कामं आली. एका मठाच्या प्रमुखांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं. खरं बोलून माणसाची अब्रू जाते हे त्याने ऐकलं होतं. खरं बोलून ती अशी वाढते, आणि त्या वाढण्यातच ते खरं मरतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अंक घेऊन तो कांतूला गेला. देल्फीनाने वाचला. दोनदा वाचला. मग घडी घातली आणि वेताच्या बादलीखाली ओल टिपायला ठेवला.

"विणणारी देल्फीना," ती म्हणाली. "जशी काही गावात दूध घालते."

"मी पुन्हा लिहितो."

"लिहू नकोस. अजून मोठा होशील." मग ती म्हणाली, "लिहून कुणाला पटणार नाही. बसून करू. एक खुर्ची, पहिल्यापासून, दोघांनी. कारखान्याला दे. आणि सही दोघांची."

त्या एका खुर्चीला सात महिने लागले. इतकी भांडणं त्या खात्यात कधी झाली नव्हती. रेमो रेघ काढायचा आणि ती पुसायची. ती पुसायची आणि तो का म्हणून विचारायचा, आणि तिला का ते सांगता यायचं नाही, ती नुसतं म्हणायची, "बसून बघ." तो बसायचा आणि त्याला काही कळायचं नाही. "काहीच होत नाही तुला?" ती वैतागून विचारायची. "इथे, मांडीखाली? इथे पाठीत?" मिस्त्री उन्हाला बसून सगळं ऐकायचे. "लग्न झालेलं बरं," ते एकदा म्हणाले. "तिथे निदान जेवणापुरते गप्प बसतात." त्या हिवाळ्यात मिस्त्री वारले. तयार झालेली पहिली खुर्ची त्यांनी पाहिली. पण बसायची ताकद उरली नव्हती, म्हणून हात लावून पाहिली.

साल्व्हादेंनी नकाशा घेतला, खालच्या दोन सह्या पाहिल्या आणि भुवया उंचावल्या. पण माणूस सरळ होता. मशीनने दिलं ते कापलं, आणि या वेळी चादर ओढल्यावर टाळ्या वाजल्या. पदक मात्र मिळालं नाही. एका टीकाकाराने लिहिलं, ओर्सेनिगो आता थकले असावेत, सहकाऱ्यांची गरज भासू लागली आहे. खपही बेताचाच झाला. लेक्कोजवळच्या एका गावाच्या वाचनालयाने साठ खुर्च्या घेतल्या. तिथल्या बाईंनी कळवलं, की लोक उठतच नाहीत, दार बंद करायला उशीर होतो. रेमोने ते पत्र बिस्किटाच्या डब्यात ठेवायला दिलं. डब्यातलं आधीचं काय केलं, ते नोएमीने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

चौसष्ट साली गावातल्या चित्रकलेच्या शाळेने रेमोला शिकवायला बोलावलं. तो म्हणाला, मला नको, देल्फीना व्हिगानोला घ्या. मुख्याध्यापकांना आधी वाटलं, मस्करी आहे. पाचवी शिकलेली बाई, तीही वेत विणणारी! रेमो त्यांच्या टेबलासमोर बसून राहिला. दुपारपर्यंत बसून राहिला. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "ठीक आहे, गुरुवारचा एक तास. पण जबाबदारी तुमची."

पहिल्या गुरुवारी वर्गात चौदा विद्यार्थी होते. रेमो मागच्या रांगेत येऊन बसला. देल्फीनाने फळ्यावर काही काढलं नाही. ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, "वह्या बंद करा. एक तास नुसते बसा. हलायचं नाही, टेकायचं नाही. तासाने मी विचारेन, कुठे दुखलं. बोट ठेवून दाखवायचं."

पोरं खिदळली. पाच मिनिटांत खिदळणं थांबलं. अर्ध्या तासाने वर्गात श्वासांचा आवाज तेवढा उरला. रेमोला आधी नेहमीसारखं काहीच कळलं नाही. मग डाव्या मांडीखाली, कडेला, एक नाणं ठेवल्यासारखी थंड जागा जाणवली. ती हळूहळू वाढत गुडघ्याकडे निघाली. तो दचकला. ही जागा तिथे रोज असणार. लिहायच्या टेबलापाशी, गाडीत, जेवताना, प्रत्येक मुलाखतीत. छावणीत बसायला काही मिळत नव्हतं तेव्हापासून तो खुर्च्यांचाच विचार करत आला होता; आणि आपलं शरीर खुर्चीला काय सांगतंय ते पंचेचाळीस वर्षांत त्याने एकदाही ऐकलेलं नव्हतं.

"ओर्सेनिगो," देल्फीनाने विचारलं, "तुला काही?"

त्याने बोट ठेवलं.

ती लंगडत त्याच्या बाकापर्यंत आली, वाकून पाहिलं आणि सगळ्या वर्गाला म्हणाली, "बघा, याला सापडलं." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "आता दुसऱ्या मांडीचं सांग."

अकरा वर्षं तिने तो वर्ग घेतला. मागची जागा रेमोची. तो पडशानं आजारी असला तरच ती रिकामी असे.